जागेपणींचीं स्वप्नें

आज एका चित्रपटाविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत. चित्रपटाविषयीं बोलण्याचा माझा अधिकार मोठा नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों. मी पेण तालुक्यांतील जोहे गांवचा एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक. मॅट्रिक झालों, शिक्षकाची नोकरी धरली, आणि सारें आयुष्य फळा, खडू आणि मुलें यांच्या संगतींत घालविलें. परंतु सामान्य माणसाविषयीं काढलेल्या चित्रपटावर सामान्य माणसानें बोलूं नये, असा कांहीं दंडक नाहीं. आणि मी ज्याविषयीं बोलणार आहें तो चित्रपट तर अगदींच लहानशा गोष्टीचा आहे. त्याचें नांवच मुळीं 'छोटीसी बात'.

एका भिडस्त तरुणाचें प्रेम, आणि त्या प्रेमापायीं त्याला जागेपणीं पडणारीं स्वप्नें, एवढाच या चित्रपटाचा विषय. स्वप्न कोठें संपलें आणि सत्य कोठें सुरू झालें, हें त्या तरुणाला कळत नाहीं. पाहतां पाहतां आपल्यालाहि कळेनासें होतें. ही सरमिसळ कांहीं चित्रपटानें शोधून काढलेली युक्ति नव्हे. आपल्या पुराणांत बाणासुराची कन्या उषा हिनें स्वप्नांत एका तरुणाला पाहिलें. जागी होऊन पाहते, तों तो नाहींसा झालेला. तो कोण, कोठला, कांहीं ठावें नाहीं. मग तिची सखी चित्रलेखा हिनें एकेका पुरुषाचें चित्र रेखाटून तिच्यापुढें ठेविलें. श्रीकृष्णाचा नातू अनिरुद्ध याचें चित्र पुढें येतांच उषेनें लाजून मान खालीं घातली, आणि स्वप्नाला नांव मिळालें. राजा हरिश्चंद्राची कथा आपण कीर्तनांत ऐकतों. त्यानें स्वप्नांत राज्य दान केलें, आणि विश्वामित्र दारांत येऊन उभे राहतांच स्वप्नांतला शब्द जागेपणीं पाळला. पहिली कथा प्रीतीची, दुसरी सत्यवचनाची. परंतु दोहोंचें मर्म एकच. स्वप्न कोणालाहि पडतें. स्वप्नानंतर माणूस काय करतो, यावर सारें अवलंबून असतें. दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालीं आपला पहिला कथापट मुंबईंत दाखविला, त्याचा नायक हरिश्चंद्रच असावा, हा योगायोग मला नेहमीं अर्थपूर्ण वाटत आला आहे.

'छोटीसी बात' १९७६ सालीं प्रदर्शित झाला. बी. आर. चोप्रा त्याचे निर्माते आणि बासू चटर्जी दिग्दर्शक. भाषा हिंदी, पण शहर आपली मुंबई, आणि नायक अमोल पालेकर. त्याच वर्षीं मी मॅट्रिकच्या परीक्षेस बसलों होतों. परीक्षा आटोपून सुटींत मुंबईस मामांकडे गेलों, तेव्हां मामांनीं मला हा चित्रपट दाखविला. "यांत मारामाऱ्या नाहींत हो, तुला करमेल कीं नाहीं कोण जाणे," असें ते जातांना म्हणाले होते. मला करमलें. कळलें किती, तें पुढें सांगतों.

कथा अशी. अरुण नांवाचा एक तरुण मुंबईंत एका कचेरींत नोकरीस आहे. नोकरी बरी, राहणी बरी आणि स्वभाव अतिशय बरा. इतका बरा कीं, हाताखालचीं माणसेंहि त्याला जुमानीत नाहींत. बसच्या थांब्यावर त्याला रोज प्रभा नांवाची एक मुलगी दिसते. विद्या सिन्हा यांनीं ही भूमिका केली आहे. ती त्याच्या मनांत भरते. तो तिच्याच बसनें जातो, चार पावलांचें अंतर राखून तिच्या कचेरीपर्यंत चालतो, आणि एक शब्दहि न बोलतां परत फिरतो. मनांत मात्र संवाद अखंड चालू असतो. मनांत तो धीट आहे, हजरजबाबी आहे. प्रत्यक्षांत ती वळून पाहते, तों याची जीभ टाळ्याला चिकटते. अशांत प्रभाच्या कचेरींतला नागेश आपली स्कूटर घेऊन येतो आणि तिला मागें बसवून डोळ्यांदेखत निघून जातो. असराणी यांचा हा नागेश मोठा झकास वठला आहे. त्याच्यावर मात करण्यासाठीं अरुण एक मोटारसायकल विकत घेतो. ती दगा देते. तो ज्योतिषांकडे जातो, बाबांकडे जातो. त्यांचीहि मात्रा लागू पडत नाहीं.

या चित्रपटांतील एक प्रसंग मला विशेष सांगावयाचा आहे. अरुण चित्रपटगृहांत बसला आहे. पडद्यावर धर्मेंद्र आणि हेमामालिनी प्रेमगीत गात आहेत. अरुण टक लावून पाहत आहे. आणि पाहतां पाहतां पडद्यावरचीं माणसें बदलतात. त्यांच्या जागीं अरुण आणि प्रभा गाऊं लागतात. आवाज येसुदास आणि आशा भोसले यांचे, शब्द योगेश यांचे, चाल सलिल चौधरी यांची. आतां पाहा, आपण एका चित्रपटगृहांत बसून अशा माणसाला पाहतों, कीं जो दुसऱ्या चित्रपटगृहांत बसून स्वतःलाच पाहत आहे! त्याला हंसावें, तर आपणहि तेंच करीत नसतों काय? तिकीट काढून अंधारांत बसणारा प्रत्येक मनुष्य घटकाभर पडद्यावरच्या नायकाच्या जागीं स्वतःला बसवीत असतो. दिग्दर्शकानें आपणां सर्वांचें गुपित अरुणच्या नांवावर मांडलें, इतकेंच.

पाश्चात्त्य चित्रपटांत ही कल्पना फार जुनी आहे. अमेरिकेचा विनोदी नट बस्टर कीटन याचा 'शेरलॉक ज्युनियर' हा मूकपट १९२४ सालचा. त्यांत चित्रपट दाखविणारा एक गरीब कामगार यंत्राशेजारींच झोंपी जातो, आणि स्वप्नांत चालत चालत थेट पडद्यांत शिरतो. तेथें भोंवतालचें जग क्षणोक्षणीं बदलतें. बांकावर बसावयास जावें, तों बांक नाहींसें होऊन रहदारीचा रस्ता येतो. अखेर तो जागा होतो, तेव्हां त्याची प्रेयसी समोर उभी असते. आतां पुढें काय करावें हें बिचाऱ्याला सुचत नाहीं. म्हणून तो हळूच पडद्याकडे पाहतो आणि पडद्यावरचा नायक करील तसें करतो. कीटनचें स्वप्न अद्भुत, धडपडीचें आणि कोलांट्याउड्यांचें. अरुणचें स्वप्न त्याहून पुष्कळच लहान, बसच्या रांगेंत मावणारें. पण गोम दोघांचीहि एकच. दोघांनाहि प्रेम ठाऊक आहे. प्रेम बोलून कसें दाखवावें, तें ठाऊक नाहीं.

हें लहान स्वप्न इतकें खरें कां वाटतें, याचा मीं पुष्कळदां विचार केला. बासू चटर्जी दिग्दर्शक होण्यापूर्वीं मुंबईच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकांत व्यंगचित्रें काढीत असत. व्यंगचित्रकाराला रेषा थोड्या लागतात, पण त्या माणूस पाहून काढलेल्या असाव्या लागतात. अमोल पालेकर हेहि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेले चित्रकार. आणि नट म्हणून नांवारूपास येण्यापूर्वीं त्यांनीं बँकेंत नोकरी केली होती. म्हणजे कचेरी, बस आणि टेबलावरचे कागद हें जग त्यांना कोणीं सांगावें लागलें नाहीं. या चित्रपटांत राजवाडे नाहींत, तरवारी नाहींत. बसचा थांबा, पदपथ, कचेरी, उपाहारगृह, एवढाच पसारा. स्वप्न आणि सत्य दोन्ही याच रस्त्यांवरून चालतात, म्हणून त्यांची एकमेकांशीं सहज गांठ पडते.

पुढें अरुण हताश होऊन खंडाळ्यास जातो. तेथें कर्नल ज्युलियस नगेंद्रनाथ विल्फ्रेड सिंग नांवाचे एक गृहस्थ राहतात. नांवांतच दोन-तीन माणसें सामावलेलीं! ही भूमिका अशोककुमार यांची. भित्र्या माणसांना धीट करणें आणि अडलेल्यांना सल्ला देणें हा या कर्नलसाहेबांचा व्यवसाय. मौज अशी कीं, खुद्द अमिताभ बच्चन अमिताभ बच्चन म्हणूनच त्यांचा सल्ला विचारावयास येऊन जातात. काल्पनिक माणसाच्या दारांत खराखुरा माणूस शिष्य होऊन उभा! ही शिकवणीची कल्पना १९६० सालच्या 'स्कूल फॉर स्काउंड्रल्स' या इंग्रजी चित्रपटावरून घेतलेली आहे. अरुण तेथें कसें चालावें, कसें बोलावें, प्रतिस्पर्ध्याला कोणत्या क्षणीं कोड्यांत टाकावें, हें सारें शिकतो. आणि मुंबईस परत येऊन नागेशला टेबल-टेनिसपासून बुद्धिबळापर्यंत सर्वत्र नमवितो. शेवटीं हरलेला नागेशच कर्नलकडे शिकवणीस जातो.

मॅट्रिकच्या वयांत मला हा भाग सर्वांत आवडला होता. चला, युक्ति शिकली कीं जग जिंकतां येतें! आज मत बदललें आहे. अरुणला प्रभा मिळाली ती कर्नलच्या डावपेचांमुळें, असें मला आतां वाटत नाहीं. चित्रपट नीट पाहिला तर लक्षांत येतें कीं, हा मुलगा आपल्या मागून येतो हें प्रभाला ठाऊक असतें, आणि तो केव्हां बोलतो याची ती मनांतल्या मनांत मौजेनें वाट पाहत असते. अरुण खंडाळ्यास निघून गेल्यावर ती त्या थांब्यावर एकटी उभी राहते, आणि तिचे डोळे त्याला शोधूं लागतात. लता मंगेशकरांचें एक अतिशय हळुवार गीत तेथें आलें आहे. तें ऐकतांना कळतें कीं, स्वप्न एकट्या अरुणचें नव्हतें. दोघेंहि आपआपल्या जागीं तेंच स्वप्न पाहत होतीं. मध्यें फक्त एका वाक्याची भिंत होती.

येथें एक गोष्ट शिक्षकाच्या नात्यानें बोलून दाखवितों. मुलीच्या मागें रोज चालत जावें, हें या चित्रपटावरून कोणा तरुणानें शिकूं नये. चित्रपटांत प्रभाला तें गोड वाटलें, कारण कथाकारानें तिचें मन आपल्याला उघडून दाखविलें आहे. रस्त्यावरच्या मुलीचें मन आपल्याला असें दिसत नसतें. तिला तें भयाचें वाटण्याचाच संभव अधिक. स्वप्नांतली प्रभा अरुणची असते. थांब्यावरची प्रभा स्वतःची असते. हा भेद ज्याला कळला, त्यालाच स्वप्न पाहण्याचा अधिकार.

आतां माझी गोष्ट. ती सांगितल्यावांचून या विषयावर बोलणें अप्रामाणिकपणाचें होईल.

आमचें जोहे गांव गणेशमूर्तींचें. जोहे, हमरापूर, कळवे या आमच्या पट्ट्यांत घरोघर मूर्तींचे कारखाने आहेत. गणेशोत्सव चार दिवसांचा असला तरी आमच्याकडे गणपति बाराहि महिने असतो. येथल्या मूर्ति मुंबईस जातात, परप्रांतांत जातात, समुद्रापलीकडेहि जातात. शाडू असो वा प्लॅस्टर, काम पायरीपायरीनें होतें. साचा भरावयाचा, मूर्ति बाहेर काढावयाची, सांधे घांसून गुळगुळीत करावयाचे, वाळवावयाची, रंग द्यावयाचा. आणि शेवटीं डोळ्यांची आंखणी. साचा भरणारे हात पुष्कळ मिळतात. आंखणीचा हात मात्र क्वचित् एखाद्याला असतो. बुबुळ एक रेषभर चुकलें, तर देवाची नजर फिरते.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचा बाप एका कारखान्यांत साचे भरी. पोरगा गणितांत कच्चा, आणि लक्ष सदा खिडकीबाहेर. एके दिवशीं मीं फळ्यावर उदाहरण घातलें आणि त्याला उभें केलें. त्याला उदाहरण कोणतें हेंहि सांगतां येईना. मीं त्याची वही हातांत घेतली. पानाच्या समासांत वरपासून खालपर्यंत डोळे काढलेले. कांहीं मिटलेले, कांहीं अर्धवट उघडलेले, कांहीं पूर्ण उघडे. "हें काय?" म्हणून विचारलें, तर म्हणाला, "गुरुजी, गणपति झोंपेंतून जागा होतोय." वर्ग खदखदला. मला राग आला. मीं तें पान फाडलें आणि म्हणालों, "गणपति जागा होईल तेव्हां होईल, तूं मात्र गुळाचा गणपति!"

पु. ल. देशपांडे यांचा 'गुळाचा गणपति' हा चित्रपट १९५३ सालचा. कथा, संवाद, दिग्दर्शन, संगीत आणि नायकाची भूमिका, सारें त्यांचें एकट्याचें. त्यांतला नाऱ्या भोळा, भाबडा आणि स्वप्नांत रमणारा. पु. लंनीं तें नांव मायेनें घेतलें. जग ज्याला मूर्ख म्हणतें, त्याच्या बाजूनें ते उभे राहिले. मीं तेंच नांव एका दहा वर्षांच्या मुलाला चाळीस मुलांसमक्ष फेंकून मारलें. मुलांना तर तेवढेंच हवें होतें. नांव चिकटलें. पुढें त्या मुलाच्या वहींत मला कधीं डोळे दिसले नाहींत. माझी समजूत अशी कीं, मुलगा सुधारला.

निवृत्तीनंतर एके रात्रीं दूरदर्शनसंचावर 'छोटीसी बात' पुन्हां लागला. नातीला मांडीवर घेऊन पाहत बसलों. चित्रपटगृहांतला तो प्रसंग आला. अरुण पडद्यावर स्वतःला पाहत होता, आणि नात टाळ्या पिटून हंसत होती. मला एकाएकीं ती फाडलेली वही आठवली. खिडकीबाहेर पाहणारा तो मुलगा रिकामा बसला नव्हता, तो काम करीत होता. अरुण थांब्यावर उभा राहून मनांत जें वाक्य शंभरदां म्हणून पाहत होता, तेंच हा समासांत करीत होता. न बोललेल्या वाक्याची ती तालीम होती. न आंखलेल्या डोळ्यांची ती आंखणी होती. मॅट्रिकच्या वयांत मी अरुणला हंसलों, आणि पुढें शिक्षक होऊन आणखी एका अरुणला हंसलों. चित्रपट मला करमला होता. कळला मात्र नव्हता, तो असा.

दुसऱ्या दिवशीं त्याला भेटावयास गेलों. तो आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. बापाप्रमाणेंच एका कारखान्यांत साचे भरतो. कोपऱ्यापर्यंत हात पांढरे झालेले. मला पाहतांच उठला, हात पुसून पायां पडला. मीं विचारलें, "अरे, आंखणी कधीं केलीस कीं नाहीं?" तो हंसला. म्हणाला, "आपल्याला नाय जमायचं तें, गुरुजी." मग मीं त्या वहीची गोष्ट काढली. "चुकलें माझें त्या वेळीं," एवढें म्हणावयास मला पस्तीस वर्षें लागलीं. तो अगदीं गडबडून गेला. "काय बोलता, गुरुजी! मना याद पन नाय त्याची." मला क्षणभर बरें वाटलें. तेवढ्यांत पलीकडून कोणीं तरी त्याला हांक मारली, "ए गुळाच्या!" आणि त्यानें मागें वळून सहज 'ओ' दिली.

श्रोतेहो, आंखणीचा हात त्याच्यांत होता कीं नव्हता, हें आतां कोणीच सांगूं शकणार नाहीं. कदाचित् नसेलहि. पण तें ठरविण्याचा अधिकार त्याच्या हाताचा होता, माझ्या जिभेचा नव्हता. अरुणला खंडाळ्यास कर्नल भेटला. त्यानें त्याच्या स्वप्नांना हंसून त्याला परत पाठविलें नाहीं. त्या स्वप्नाला पाय कसे फोडावेत, तें शिकविलें. डावपेचांविषयीं माझें कांहींहि मत असो, गुरु म्हणून तो माझ्याहून चांगला ठरला.

स्वप्न म्हणजे रिकामा साचा. नुसत्या साच्याची कोणी पूजा करीत नाहीं, हें खरें. त्यांत माल ओतावा लागतो, आणि तो ओतण्याचें धैर्य ज्याचें त्यालाच करावें लागतें. पण साचाच फोडून टाकला, तर ओतणार कशांत? उषेला चित्रलेखा भेटली म्हणून तिच्या स्वप्नाला चेहरा मिळाला. आपल्या घरांत, वर्गांत, कचेरींत खिडकीबाहेर पाहत बसलेलें एखादें माणूस असतेंच. त्याला कामाला अवश्य लावावें, पण त्याआधीं एकदां जवळ बसून विचारावें, "काय दिसतें आहे रे तुला?"

मीं तें विचारलें नाहीं. आपण विचारा, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.